नितळ तलावातील मासे: किती आहेत, किती धरावेत आणि किती सोडावेत

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणाच्या उतारावर जांभ्या दगडाच्या प्रदेशात अनेक लहान तलाव आहेत. पावसाळ्यातील गढूळपणा बसला की दिवाळीनंतर त्यांचे पाणी इतके स्वच्छ होते की काठावरून तळातील पाणवनस्पती आणि त्यांच्यामधून फिरणारे मासे सहज दिसतात. मासे दिसतात म्हणून ते पुष्कळ असावेत असा समज होतो, आणि या समजातूनच अशा तलावांची सर्वाधिक हानी झाली आहे. पाणी नितळ असते, कारण त्यात सूक्ष्म शेवाळ कमी असते. शेवाळ कमी असते, कारण पोषक द्रव्ये कमी असतात, आणि पोषक द्रव्ये कमी असली की माशांचे अन्नही कमीच असते. ज्या गावाच्या हद्दीत असा तलाव आहे ते ग्रामस्थ, तो ठेक्याने घेणारी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था आणि तेथे गळ टाकणारे हौशी मासेमार या सर्वांना उपयोगी पडेल अशा रीतीने पुढील कामांचा क्रम लावला आहे.

आधी परवानगीविषयी सांगतो. सातारा शहराला पाणी देणाऱ्या कास तलावासारखे अनेक तलाव पिण्याच्या पाण्यासाठी राखलेले आहेत, काही तलाव अभयारण्याच्या हद्दीत येतात आणि बहुतेक उरलेल्या तलावांतील मासेमारीचे हक्क एखाद्या संस्थेकडे असतात. त्यामुळे तलाव कोणाच्या ताब्यात आहे हे ग्रामपंचायतीत आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावे, आणि लेखी परवानगी मिळाल्यावरच जाळे पाण्यात घालावे. सुरुंगाने किंवा विष टाकून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. लहान तलावात असा एकच प्रकार कित्येक वर्षांचे काम वाया घालवतो.

पाणी खरोखर निकस आहे का, ते तपासणे

सह्याद्रीचा माथा आणि कोकण येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तो पाच हजारांच्याही पुढे जातो. या पावसाने हजारो वर्षे धुतल्या गेलेल्या जांभ्या दगडात चुन्याचा अंश फार थोडा उरतो, आणि त्यातील लोह स्फुरदाला (फॉस्फरसला) इतके घट्ट धरून ठेवते की तो पाण्यात सहज उतरत नाही. शिवाय लहान तलावातील पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून अनेकदा बदलून जाते, त्यामुळे जे थोडे पोषण आत येते तेही टिकत नाही. देशावरच्या काळ्या मातीतील गावतळ्याचे पाणी हिरवट असते आणि त्यात मासा झपाट्याने वाढतो. तेथील अनुभव घाटमाथ्यावरील तलावाला लावता येत नाही, हे प्रथम पक्के समजून घ्यावे.

तपासणीसाठी सेक्ची तबकडी पुरते. अँजेलो सेक्ची या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्राची पारदर्शकता मोजण्यासाठी वापरलेली ही पद्धत आजही तितकीच विश्वासार्ह आहे. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल तबकडी घेऊन तिचे चार समान भाग करावेत, ते आळीपाळीने काळे आणि पांढरे रंगवावेत, मध्यभागी दोरी बांधून खाली वजन लावावे आणि दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करावी. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत तलावाच्या खोल भागात, होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी खाली सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली या दोन्हींची सरासरी लिहून ठेवावी. हे मोजमाप नोव्हेंबर ते मे या काळात दर महिन्याला घ्यावे. पावसाळ्यातील आकडा गाळाचा असतो, शेवाळाचा नसतो, म्हणून तो या हिशोबात धरू नये. तबकडी चार मीटरच्या खाली जाऊनही दिसत असेल तर तलाव निकस समजावा, दोन ते चार मीटर असेल तर मध्यम, आणि गाळ नसतानाही दोन मीटरच्या आत ती दिसेनाशी होत असेल तर पाणी पोषक आहे.

दुसरी तपासणी रासायनिक आहे. पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची त्याची क्षमता, मोजण्याचे साधे संच मिळतात, शिवाय जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. भारतीय जलाशयांच्या रूढ वर्गीकरणात प्रतिलिटर ४० मिलीग्रॅमपेक्षा कमी क्षारता हे कमी उत्पादकतेचे आणि ९० मिलीग्रॅमपेक्षा अधिक क्षारता हे चांगल्या उत्पादकतेचे लक्षण मानतात. सोबत सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता यांचीही नोंद करून घ्यावी. एका वर्षाच्या आकड्यांवर घाईने निर्णय घेऊ नये, मात्र पारदर्शकता आणि क्षारता दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर ती मान्य करावी.

क्षेत्रफळ आणि खोली

तलावाचे कागदोपत्री क्षेत्रफळ हे तो पूर्ण भरलेला असतानाचे असते. माशांना मात्र मे महिन्यात जे पाणी उरते त्यात जगायचे असते, म्हणून खरी मर्यादा त्या उरलेल्या पाण्याची असते. ऑक्टोबरच्या आरंभी आणि पुन्हा मेच्या अखेरीस, मोबाइलमधील नकाशा चालू ठेवून काठाने पूर्ण फेरी मारावी आणि दोन्ही वेळचे क्षेत्रफळ काढावे. खोलीसाठी दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेल्या दोरीला दगड बांधावा आणि एका काठापासून समोरच्या काठापर्यंत ठरावीक अंतराने मापे घेत तीन-चार ओळी पूर्ण कराव्यात. सर्व मापांची सरासरी म्हणजे तलावाची सरासरी खोली होय. उथळ तलावात उजेड आणि ऊब तळापर्यंत पोहोचते, त्यामुळे सारख्याच पाण्यात उथळ तलाव खोल तलावापेक्षा हेक्टरी जास्त मासे देतो.

तलावात कोण राहते

चाचणीसाठी एकाच आसाचे जाळे वापरले तर एकाच मापाचे मासे मिळतात आणि संपूर्ण तलाव त्याच मापाच्या माशांनी भरला आहे असे वाटू लागते. म्हणून २५, ४०, ६०, ८० आणि १०० मिलिमीटर आसाचे, म्हणजे ताणून गाठीपासून गाठीपर्यंत तेवढे अंतर असलेल्या तंगुसाच्या जाळ्याचे छोटे तुकडे एकमेकांना जोडून संध्याकाळी लावावेत आणि उजाडताच उचलावेत. नितळ पाण्यात दिवसा लावलेले जाळे माशांना दिसते आणि ते त्याला वळसा घालून जातात. काठावरील बारीक माशांसाठी सकाळी फेकजाळे वापरावे आणि दगडांच्या कपारीतील वाम माशासाठी रात्री गळ लावावेत.

मिळालेल्या प्रत्येक माशाची जात, लांबी आणि वजन लिहावे. अशा तलावांत साधारणपणे तीन गट आढळतात. पहिला गट संस्थेने किंवा शासनाने सोडलेल्या कटला, रोहू आणि मृगळ या माशांचा असतो. दुसरा गट तलावातच प्रजनन करणाऱ्या मरळ, शिंगटा, बारीक खवल्यांचे स्थानिक मासे आणि बहुतेक ठिकाणी शिरलेल्या चिलापीचा असतो. तिसरा गट ओढ्यावर अवलंबून असणाऱ्या माशांचा, म्हणजे खडस किंवा महसीर आणि त्याच्यासारख्या जातींचा असतो. हा भेद फार महत्त्वाचा आहे. कटला, रोहू आणि मृगळ यांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते, त्यामुळे लहान साचलेल्या तलावात त्यांची नवी पिढी तयार होत नाही. त्यांची संख्या म्हणजे सोडलेल्या बोटुकल्यांतून, म्हणजे बोटभर लांबीच्या पिल्लांतून, मेलेल्या आणि धरलेल्या माशांची वजाबाकी होय. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे मासे मात्र वाढवायचे असतील तर त्यांची अंडी देणारी मोठी मादी जपावी लागते. तिन्ही गटांना एकच नियम लावला की एकतर उत्पन्न बुडते किंवा स्थानिक मासा संपतो.

माशाची प्रकृतीही पाहावी. ग्रॅममधील वजनाला १०० ने गुणून सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागले की एक गुणांक मिळतो. उदाहरणार्थ, ३० सेंटिमीटर लांबीचा रोहू ३२४ ग्रॅमचा असेल तर गुणांक १.२ येतो. वेगवेगळ्या जातींचे गुणांक एकमेकांशी ताडून पाहू नयेत. आपल्याच तलावातील त्याच जातीच्या, त्याच महिन्यातील माशांचा गुणांक दरवर्षी काढावा. तो उतरत चालला असेल, आणि डोके मोठे पण अंग बारीक असे मासे वाढू लागले असतील, तर तलावात अन्नाच्या मानाने तोंडे जास्त झाली आहेत. अशा वेळी आणखी बीज सोडण्याचा आग्रह धरला जातो आणि त्याने परिस्थिती अधिकच बिघडते.

संख्येचा अंदाज

तीस हेक्टरपर्यंतच्या तलावात खूण करून पुन्हा पकडण्याची पद्धत गावातील चार माणसे सहज पार पाडू शकतात. ती डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत करावी, कारण थंड पाण्यात प्राणवायू अधिक असतो आणि हाताळलेला मासा जगतो. फासाचे जाळे, म्हणजे चाचणीत लावलेले तंगुसाचे जाळे, कल्ल्यांना इजा करते, म्हणून या कामासाठी ओढजाळे वापरावे. पकडलेला मासा ओल्या हातानेच धरावा, पोटाखालच्या एका पराचे टोक कात्रीने थोडेसे कापावे आणि त्याला लगेच पाण्यात सोडावे. कापलेले टोक हळूहळू भरून येते, त्यामुळे दुसरी पकड लांबवू नये. खूण केलेले मासे इतरांत मिसळण्यासाठी दहा ते पंधरा दिवस द्यावेत आणि मग तलावाच्या सर्व भागांत पुन्हा ओढजाळे ओढावे.

समजा, पहिल्या खेपेस १२० रोहूंना खूण केली. दुसऱ्या खेपेस १५० रोहू मिळाले आणि त्यांपैकी १७ खुणेचे निघाले. खूण केलेल्यांत एक मिळवून १२१, दुसऱ्या पकडीत एक मिळवून १५१, या दोहोंचा गुणाकार १८,२७१. त्याला खुणेच्या माशांत एक मिळवून आलेल्या १८ ने भागावे आणि एक वजा करावा. उत्तर सुमारे १,०१४ येते. हा आकडा नेमका आहे असे मात्र समजू नये. खुणेचे केवळ १७ मासे मिळाले असल्याने खरी संख्या साधारणपणे साडेसहाशे ते सतराशे यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. खुणेचे मासे दहापेक्षाही कमी मिळाले तर त्या हिशोबावर विसंबून राहू नये आणि आणखी मासे पकडून तो पुन्हा करावा. तसेच दोन पकडींच्या मधल्या काळात मासेमारी पूर्ण बंद ठेवावी, नाहीतर खुणेचे मासे बाजारात जातात आणि आपला अंदाज फुगतो.

हे करणे शक्य नसेल तर निदान श्रमांच्या मानाने पकड लिहावी. शंभर मीटर जाळे एक रात्र लावल्यावर किती किलो मासे मिळाले, एवढाच आकडा तीन वर्षे नियमाने लिहिला तर साठा वाढतो आहे की घटतो आहे हे स्पष्ट कळते. बाजारात किती मासे गेले यावरून ते कधीच कळत नाही, कारण मासे कमी झाले की माणसे जास्त जाळी लावतात आणि एकूण पकड काही काळ तशीच राहते.

किती धरावेत

वरच्या उदाहरणातील रोहूचे सरासरी वजन ६०० ग्रॅम धरले तर साठा सुमारे ६०८ किलोचा होतो, म्हणजे तीस हेक्टरच्या तलावात हेक्टरी वीस किलो. हा साठा म्हणजे मुद्दल आहे, वर्षाचे उत्पन्न नव्हे. व्याज किती मिळते हे माशांच्या वाढीवर ठरते आणि निकस पाण्यात ती वाढ मंद असते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९५ साली प्रकाशित केलेल्या भारतीय जलाशयांच्या आढाव्यात लहान जलाशयांचे सरासरी वार्षिक उत्पन्न हेक्टरी सुमारे पन्नास किलो आणि मोठ्या जलाशयांचे सुमारे अकरा किलो दिले आहे. खाद्य घालून मासे वाढवणाऱ्या शेततळ्यात हेच उत्पन्न टनांत मोजतात. त्या टनांचे स्वप्न घेऊन नितळ तलावाचा ठेका चढ्या बोलीने घेणारी संस्था दोन वर्षांत बारीक आसाची जाळी लावू लागते, कारण तिला ठेक्याची रक्कम भरायची असते. बोली लावण्यापूर्वीच हे मोजमाप झाले पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो.

माझा सल्ला असा आहे की सोडलेल्या कटला, रोहू आणि मृगळांच्या बाबतीत वाढ मंदावलेले मासे निःसंकोचपणे काढावेत, कारण त्यांची पुढची पिढी या तलावात होणारच नसते. तलावातच वाढणाऱ्या स्थानिक माशांच्या बाबतीत मात्र पहिल्या वर्षी अंदाजित साठ्याच्या पाचव्या भागापेक्षा अधिक काढू नये, आणि श्रमांच्या मानाने पकड टिकून राहिली तरच पुढील वर्षी थोडे वाढवावे. मोठी मादी लहान मादीच्या कित्येक पट अंडी देते, म्हणून अगदी लहान आणि अगदी मोठे मासे परत पाण्यात सोडून मधल्या मापाचेच मासे धरणे हिताचे आहे. पिल्लांच्या थव्यावर राखण करणारी मरळाची जोडी नितळ पाण्यात लांबूनच दिसते, आणि तिच्यावर गळ टाकणे फार सोपे असते. ती जोडी मारली की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. ही एक गोष्ट गावाने कटाक्षाने थांबवली तरी मरळाचा मोठा आधार टिकून राहील.

याहून मोठी हानी पहिल्या पावसात होते. जूनमध्ये ओढे वाहू लागले की तलावातील मासे अंड्यांनी भरलेल्या पोटाने उलट्या प्रवाहात चढू लागतात. रायगड आणि ठाण्याच्या भागात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात, इतरत्र चढणीचे. या माशांची चव, त्यासाठी रात्री कंदील घेऊन ओढ्यावर जाण्याची परंपरा आणि पहिल्या पावसाचा उत्साह हे सारे मला ठाऊक आहे आणि प्रियही आहे. परंतु मोठ्या नदीत जे पचते ते वीस हेक्टरच्या तलावात पचत नाही. तेथे मासे ज्यात वर चढतात तो ओढा बहुधा एकच असतो, आणि त्याच्या तोंडावर दोन रात्री जाळे आडवे लावले तर त्या वर्षीची जवळजवळ संपूर्ण वीण संपते. म्हणून ओढ्याच्या मुखापासून दोन्ही बाजूंना शंभर मीटर आणि ओढ्यात वरपर्यंत, जूनच्या आरंभापासून ऑगस्टअखेर मासेमारी बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत करावा. ओढ्यात आडवा बांध किंवा उंच मोरी असेल तर तिच्या एका बाजूला दगडांचा पायऱ्यापायऱ्यांचा उतार रचावा, म्हणजे मासे वर जाऊ शकतील आणि पिल्ले खाली उतरतील.

किती आणि कोणते बीज सोडावे

गणित सोपे आहे. हेक्टरी अपेक्षित उत्पन्नाला काढणीच्या वेळच्या सरासरी वजनाने भागावे आणि आलेल्या आकड्याला जगण्याच्या प्रमाणाने भागावे. हेक्टरी ४० किलो अपेक्षित असतील, मासा ८०० ग्रॅमचा असताना काढायचा असेल आणि चारांपैकी एक बोटुकली जगेल असे धरले, तर हेक्टरी ५० मासे हवेत आणि त्यासाठी २०० बोटुकल्या सोडाव्या लागतील. नितळ तलावात मरळ आणि शिवडा या शिकारी माशांना शिकार दुरून दिसते, म्हणून मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) किंवा इंचभराचे बीज सोडणे म्हणजे त्यांना खाऊ घालणे होय. आठ ते दहा सेंटिमीटरची बोटुकलीच घ्यावी आणि ती पाऊस ओसरल्यावर, सांडवा बंद झाल्यावर, संध्याकाळी सोडावी. पिशवी अर्धा तास तलावाच्या पाण्यात तरंगत ठेवावी, मग तिच्यात तलावाचे पाणी थोडे थोडे मिसळावे आणि मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत.

जातींची निवड करताना पाण्याकडे पाहावे. कटला तरंगत्या सूक्ष्म जीवांवर जगतो आणि तेच येथे कमी असतात, म्हणून त्याचे प्रमाण कमी ठेवून तळाशी खाणाऱ्या मृगळाला अधिक वाव द्यावा. गवत्या मासा पाणवनस्पती खातो, परंतु त्या वनस्पती म्हणजे बारीक माशांचा आसरा आणि पाणी नितळ ठेवणारी व्यवस्था असते. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो. चिलापी उथळ काठ व्यापून स्वतःच इतकी वाढते की कोणताच मासा मोठा होत नाही. हे तिन्ही मी अशा तलावात सोडू नयेत असे म्हणेन. देशात बंदी असलेला आफ्रिकन मांगूर तर कोणत्याही कारणाने येऊ देऊ नये.

स्थानिक मासाही दुसऱ्या खोऱ्यात परका ठरतो. लोणावळ्याला टाटांच्या धरणाकाठच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनी महसीराचे बीज तयार होऊ लागले आणि त्या कामाने या माशाला मोठा आधार मिळाला. परंतु हेच बीज कावेरी खोऱ्यातही सोडले गेले, आणि तेथील मूळचा वशिंडाचा महसीर आज अतिसंकटग्रस्त असण्यामागे या परक्या नातेवाइकाची स्पर्धा हे एक प्रमुख कारण मानले जाते. म्हणून बीज आपल्याच खोऱ्यातील माशांपासून तयार झालेले आहे का, हे विचारूनच घ्यावे.

उत्पन्न वाढावे म्हणून शेण किंवा सुपर फॉस्फेट टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा. तलावाचे पाणी कोणी पीत असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि कोणी पीत नसले तरी टाकलेले खत पहिल्या मोठ्या पावसात सांडव्यावरून निघून जाते. त्याआधी उन्हाळ्यात ते शेवाळ वाढवते, आणि पहाटे प्राणवायू कमी होऊन मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडू लागतात.

गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी

नितळ पाण्यात मासा माणसाला आधी पाहतो. काठापासून मागे, शक्य तर खाली बसून गळ टाकावा. सूर्य समोर ठेवावा, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही, आणि तंगूस शक्य तितका बारीक घ्यावा. पहाटेचा पहिला तास, संध्याकाळचा शेवटचा तास आणि ढगाळ, वाऱ्याने पाणी हलते राहणारा दिवस या वेळा उत्तम असतात. गांडूळ आणि कणकेचा गोळा ही आमिषे पुरेशी आहेत, मात्र पाण्यात पोतीच्या पोती कोंडा टाकून मासे गोळा करू नयेत, कारण तो कुजून पाणी बिघडवतो. मासा परत सोडायचा असेल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकावा, मासा पाण्याबाहेर काढल्यावर क्षणभरात सोडावा आणि एप्रिल-मेच्या दुपारी हा छंद बंदच ठेवावा, कारण त्या उष्ण पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही बहुधा मरतो.

तलावाची एक वही संस्थेकडे किंवा ग्रामपंचायतीत असावी. तिच्यात तारीख, तबकडीची खोली, पाण्याची पातळी, किती मीटर जाळे किती वेळ लावले, जातवार संख्या आणि वजन, तसेच सोडलेल्या बोटुकल्यांची संख्या, माप आणि त्या कोठून आणल्या ही माहिती लिहावी. तबकडी वर्षानुवर्षे कमी खोलीवर दिसेनाशी होऊ लागली तर वरच्या उतारावर नवी नांगरट, रस्त्याची खोदाई किंवा एखाद्या विश्रामगृहाचे सांडपाणी आहे का हे चालत जाऊन पाहावे, आणि त्या वर्षीचा मासेमारीचा निर्णय ते कारण समजल्यानंतरच घ्यावा.